पंधरा मिनिटं पाणी

गेल्या वर्षी भनपुरीच्या एका कारखान्यात ड्रम फुटले, तेव्हा "साबुन का पानी है" असं मालकानं छातीठोकपणे सांगितलं. त्याच्या शब्दावर विसंबून अग्निशमन दलाचा प्रल्हाद साध्या गणवेशात आत गेला. ड्रममध्ये ॲसिड होतं. प्रल्हादचे दोन्ही डोळे गेले.

आज तिथंच पुन्हा ॲसिड सांडलं. प्रल्हादची बायको सुजाता त्याच दलात अधिकारी होती. तिनं सगळे कामगार सुखरूप बाहेर काढले. तेवढ्यात मालक फाटकापाशी टीव्हीवाल्यांना सांगू लागला, "मैं खुद अंदर था. सबको मैंने निकाला."

सुजाता पुढे झाली. "अंदर थे? फिर तो एसिड लगा होगा. कपड़े उतारिए. नियम है, पंद्रह मिनट पानी."

कॅमेरा चालूच होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही. जानेवारीच्या थंडीत, आपल्याच कामगारांसमोर, मालक चड्डीवर पाण्याच्या फवाऱ्याखाली कुडकुडत उभा राहिला.

पाइप धरलेल्या दलाच्या निरंजननं हळूच विचारलं, "म्याडम, हे खरंच आत होते का जी?"

 

"नाही रे. आत्ता माझ्यासमोर कारमधून उतरला. पाणी बंद नको करू, दहा मिनिटं राहिले अजून."