दूध न पिणारी मालकीण

"मी दूध पीत नाही, बाबा," सून म्हणाली आणि काठोकाठ भरलेला पेला तिने गल्ल्यावर ठेवून दिला.

दुकानातल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. डेअरी सासऱ्यांच्या आजोबांपासूनची. आज तिची किल्ली सुनेच्या हाती द्यायची होती, म्हणून गिऱ्हाइकं, शेजारी, झाडून सगळे जमले होते. सासऱ्यांचा हट्ट एकच होता. आधी चारचौघांत आपलं दूध प्यायचं, मग किल्ली.

सुनेला ती किल्ली मनापासून हवी होती. लग्न होऊन आल्यापासून कॅन उतरवून घेणं, विरजण लावणं, लोणी काढणं, सगळं ती हौसेने शिकली होती. पण तिच्या माहेरच्या मुलखात दूध म्हणजे वासराचा खाऊ. मोठी माणसं ते तोंडाला लावत नाहीत. इथे आल्यावर एकदा सगळ्यांचं मन राखायला ती प्यायली आणि रात्रभर पोट धरून बसली. पुन्हा ते सोंग तिला करायचं नव्हतं.

"जी स्वतः पीत नाही, ती विकणार काय?" सासरे कडाडले.

"आपला न्हावी टकला आहे, बाबा. तरी केस तुम्ही त्याच्याकडेच कापता ना?"

न्हावी तिथेच उभा होता. तोसुद्धा खो खो हसला. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी किल्ली मुठीत आणखी घट्ट धरली.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. सासरे गोठेगोठे फिरून दूध आणत, पण दुकान चालवत सासूबाईच. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची मात्रा चालत नसे. त्यांनी पेला उचलला, तेव्हा सून एक पाऊल मागे सरली.

पेला त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिला.

"हा तुम्हीच प्या. आणि किल्ली द्या तिला. आजवर हे दुकान मी चालवलं, ते काय दूध पिऊन? मलाही पचत नाही."

सासऱ्यांनी आ वासला. मग किल्ली सुनेच्या हातावर ठेवली. तिला इतका आनंद झाला की तिने तिथल्या तिथे सासूबाईंना मिठी मारली.

सासरे बायकोजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "अगं, पण रोज रात्री मी स्वतः कोमट करून तुला पेला देतो, त्याचं काय?"

"अहो, मग शेजारणीची पोरं एवढी दांडगी झाली, ती काय हवा खाऊन?"