बाकावरची ओळख

"इकडं सरक, त्या टोकाचा पाय हलतो," आशा म्हणाली. सारजा फाईल छातीशी धरून तिच्याजवळ सरकली.

औरंगपुऱ्यातल्या बियाणं कंपनीच्या कचेरीत मुलाखती चालू होत्या. गावोगाव फिरून काम बघायला पदवीधर हवे होते. समोरच्या भिंतीवर चौकटीत लिहिलं होतं : 'आम्हाला पुस्तकी किडे नकोत, पुढाकार घेणारे तरुण हवेत.'

त्या पाटीकडं बघायचं आशा टाळायची. बाकावरची बढाई मात्र कानावर पडायचीच.

"आपल्याकडं एनएसएस, एनसीसी, रक्तदान, सगळी सर्टिफिकेटं हायेत," पलीकडचा पुंजाराम सांगत होता. केसांचं तेल त्याच्या कॉलरपर्यंत उतरलं होतं.

"रक्त दिलं व्हय कधी?" सारजानं विचारलं.

"सुई बघितली की चक्कर येती. मामा क्लार्क हाय कॉलेजात."

सगळे हसले. आशाही हसली.

"तू काय लिहिलंस गं?" तिनं सारजाला विचारलं.

"रांगोळी. आन् हस्ताक्षर स्पर्धा."

"एवढंच? तुझ्या तोंडावरून तर वाटत नाही. मी नाटकात होते. युवक महोत्सवात पहिलं बक्षीस. त्याच्यावरच माझी सगळी भिस्त."

करीम शिपाई चहा घेऊन आला. आशाच्या हातात त्यानं बिनसाखरेचा कप ठेवला. आशानं पर्समधून बिस्किटं काढली आणि अर्धी सारजाला दिली. सकाळच्या एसटीनं कन्नडहून उपाशीच आलेली पोर, बघता बघता मोकळी झाली.

"सांगू? कुणाला बोलू नको. आमच्या वसतिगृहाला पाणीच नसायचं. मी समद्या पोरी गोळा केल्या. रिकाम्या बादल्या घेऊन प्राचार्यांच्या दारात बसलो. अशा बडवल्या बादल्या, अशा बडवल्या, की नळ सुटेपर्यंत त्यांला झोप नाय!"

"मग हेच लिहायचं की! पाटी वाच ना. असलेच हवेत त्यांना."

"काका म्हणले, भिंतीवरचं भिंतीवरच राहू दे. कंपनीला बादल्या बडवणारी नको असती." सारजाचा आवाज उतरला. "ही नोकरी मिळाली तर घरचे थांबतील. नाय तर रविवारी पाव्हणे येतेत मला बघायला. मग संपलंच, ताई."

"माझ्या पोटात राहील," आशा म्हणाली.

सारजा आत जाऊन आली ती उजळूनच. "साहेब लई चांगले हायेत गं! रांगोळीचंच विचारत बसले. तुझं बी होईल बघ." तिनं आशाचा हात दाबला. तिचा तळवा घामानं ओला होता. ती जिना उतरून गेल्यावर आशा कितीतरी वेळ ओढणीला हात पुसत राहिली.

बाक रिकामा झाला.

"चला, आशाताई," करीम म्हणाला.

आत मुलाखती घेणाऱ्या नानासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा. काय म्हणत होती मंडळी बाहेर?"

"त्या पुंजारामची सर्टिफिकेटं खोटी आहेत. मामानं दिलेली."

"पण माणूस गरीब दिसतो. सांगाल ते करील. आणि ती रांगोळीवाली? मला आवडली. घ्यावी म्हणतो."

आशाच्या तोंडात बिस्किटाची गोड चव अजून रेंगाळत होती. गप्प बसावं, असं तिला वाटलं. मग घरचं भाडं आठवलं, आईची औषधं आठवली, नोकरी नसतानाचे दिवस आठवले.

"ती पुढारी आहे, साहेब," ती म्हणाली. "बादल्या वाजवून प्राचार्यांचं दार अडवलं होतं तिनं. सगळ्या पोरी तिच्या मागं होत्या."

नानासाहेबांनी सारजाचा अर्ज दोन बोटांनी उचलला आणि खालच्या टोपलीत टाकला.

"तरीच. शाबास. सोमवारी दुसरी बॅच बोलावली आहे," ते म्हणाले. "आणि हा हिरवा ड्रेस आता पुरे. त्या दिवशी बाकावर बसताना दुसरा घालून या."