डॉक्टरांसाठी स्टूल

शिंप्याला ती नर्स पहिल्यापासूनच पटली नव्हती. नोकरी सोडून तिनं पेशंटच्या वतीनं डॉक्टरांशी बोलायचा धंदा काढला होता. लेकीनं तिलाच ठरवलं. याच हॉस्पिटलचं मीठ खाल्लेली बाई आपल्यासाठी कशाला भांडेल? त्यानं दुखरा हात पांघरुणाबाहेर काढलाच नाही. “काका, डॉक्टरांना काय विचारायचंय?” ती म्हणाली. “काही नाही.” इतक्यात डॉक्टर आले आणि नर्स सवयीनं स्टुलावरून ताडकन उठली. शिंप्यानं लेकीकडे पाहिलं: बघ, म्हटलं नव्हतं? “उद्या मनगटाचं ऑपरेशन,” डॉक्टर दारातूनच सांगून वळले. नर्सनं तेच स्टूल त्यांच्यापुढं सरकवलं. “बसा ना. काकांना काहीतरी विचारायचंय.” डॉक्टर चरफडत बसले. शिंप्यानं डोळे बारीक केले. “ही बाई तुमच्यातलीच ना?” “होती. आता डोक्याला ताप आहे.” तेव्हा कुठं शिंप्यानं हात बाहेर काढला. “मग सांगा, सुई धरता येईल?”