दीडशे पावलं

“फाटकापासून स्टेज दीडशे पावलं आहे, मी स्वतः मोजलंय. तिथून चेहरा स्वच्छ यायला हवा,” बाईंनी दुकानदाराला बजावलं.

त्याने हातभर लांब लेन्स काउंटरवर ठेवली. “ही न्या भाड्याने. पण मुलीचं पदवीदान ना? मग आत बसूनच काढा की!”

“पदवी मला मिळतेय. फोटो आमचे हे काढणार, स्टुडिओ आहे त्यांचा. म्हणाले, या वयात कसलं शिकतेस, तुझ्या कॉलेजात मी पाऊल टाकणार नाही. म्हटलं, नका टाकू! फाटकाबाहेरून काढा.”

“पण येतील का ते?”

“न येऊन सांगतात कुणाला? त्यांच्या समोरच्या स्टुडिओवाल्याला पहिल्या रांगेचा पास मीच दिलाय.”