होडीची अंघोळ

शिमग्याला आम्ही होडी पुजतो. आधी तिला खाडीच्या पाण्यानं अंघोळ घालायची, मग हळदकुंकू, ही सासऱ्यांपासूनची रीत. यंदा नवऱ्यानं घरून नळाच्या पाण्याची कळशी आणली.

“समोर एवढी खाडी असताना हे कशाला?” मी विचारलं.

“त्या पाण्यात हात घालू नकोस. फोड येतात.”

मासेमारी सोडून वर्षभर तो होडीतून कारखान्याचे ड्रम वाहतोय, एवढंच मला ठाऊक होतं. ते कुठे रिकामे होतात, ते आत्ता कळलं. त्याच्या अंगाला येणारा उग्र, कुबट वास मी डिझेलचा समजत होते. त्याच अंगाशेजारी इतके दिवस निजले, म्हणून मला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात ओहोटीच्या चिखलातून सासूबाई वर आल्या. टोपलीभर तिसऱ्यांचे शिंपले दाखवत म्हणाल्या, “माझ्या पोराला आवडतात. झणझणीत कालवण कर गं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. “सांग आईला.”

तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर कुंकू लावत राहिला. म्हातारी टोपली घेऊन घराकडे वळल्यावर हळूच म्हणाला, “एकदा खाल्ल्यानं काय होतंय? माझ्यापुरती डाळ टाक.”