रविवारची बादली

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. अख्खं शेवगाव हंडाभर पाण्यासाठी रांगेत उभं, आणि शामकांत मास्तर मात्र काचेच्या पेटीत चार रंगीत मासे पाळून बसलेले! दर रविवारी ते पेटीतली वाळू काडीने हलवायचे, वर उठलेली माशांची घाण रबरी नळीने बादलीत ओढून घ्यायचे आणि तेवढंच चांगलं पाणी पेटीत ओतायचे. ती गढूळ बादली त्यांच्या पत्नी नीलांबरीबाई रागारागाने परसातल्या मोगऱ्यावर रिकामी करायच्या.

शेवटी त्यांनी बजावलंच, "पुण्याला जाताय ना? मग या पाहुण्यांना दुकानात परत देऊनच घरी या!"

निघायच्या दिवशी मास्तर जड मनाने मासे बरणीत भरत होते. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या रतनबाईंनी हाक मारली.

"वैनी, आमच्या तुळशीबी करपल्या, अन् तुमचा मोगरा लई फुललाय की! काय घालता वो त्याला?"

नीलांबरीबाईंनी मोगऱ्याकडे पाहिलं.

बादलीकडे पाहिलं.

मग बरणीकडे.

 

"अहो, ते राहू द्या. येताना आणखी चार आणा. चांगले खादाड बघून!"