व्हर्नाच्या हातचा केक

सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या वस्तीत शंभर वर्षांतला पहिला खून पडला आणि तो कुणी केला हे एकाही माणसाला ठाऊक नाही. हार्वे बायलर मंगळवारी सकाळी स्वतःच्याच गोठ्यात सापडला, पाठीत गवताचं दाताळं रुतलेलं. पंचक्रोशीत एवढा भांडकुदळ दुसरा नव्हता, तरी त्याच्या मयताला दोनशे घोडागाड्या आल्या आणि घोडेसुद्धा रडले.

तपासाला आलेले शेरीफ डनलॅप वही घेऊन माझ्या ओसरीवर बसले होते. मी म्हणालो, "साहेब, आम्ही आमिश पंथाची माणसं. मोटार पाप, वीज पाप, खोटं बोलणं तर महापाप. खुनी कोण ते देवालाच ठाऊक, पण आम्ही त्याला क्षमा करून मोकळे झालो. रीतच आहे आमची. मेलेल्याच्या बायकोनं मारणाऱ्याच्या दारी स्वतःच्या हातचं गोड नेऊन द्यायचं. हार्वेची व्हर्ना कालच काकवीचा केक देऊन आली, डोळे पुसत पुसत."

"मोठ्या मनाची बाई," साहेब म्हणाले.

"आणि केक तरी कसला! वर खुसखुशीत चुरा, आत काकवी नुसती पाझरतेय. चाळीस मैलांत तसा केक मिळायचा नाही!"

 

शेरीफनी वही मिटली. "एनोसआजोबा, खुनी कोण ते कुणालाच ठाऊक नाही ना? मग व्हर्नाबाई केक घेऊन गेल्या कुणाच्या दारी? आणि तुमच्या दाढीत हा चुरा कसला?"